सात सकाळींची सरासरी

"सर, हे कुठं कामी येते?" हा प्रश्न मला एकतीस वर्षं दरवर्षी कुणी ना कुणी विचारला, आणि एकतीस वर्षं मी एकच उत्तर दिलं. परीक्षेत. वर्ग हसायचा, विचारणारा गप खाली बसायचा आणि मी पुन्हा फळ्याकडे वळायचो. मला ते उत्तर फार चलाख वाटायचं. आता आठवलं की स्वतःचीच लाज वाटते, पण तेव्हा मी नागपुरातल्या एका बऱ्या शाळेत गणिताचा मास्तर होतो, निकाल चांगला लागत होता, आणि ज्याचा निकाल चांगला लागतो त्याला कोण काय विचारणार?

सांख्यिकीचा धडा पुस्तकात शेवटी यायचा. जानेवारीत दोन तासांत मी तो उरकायचो. सगळे आकडे मिळवा, जितके आकडे तितक्यानं भागा, झाली सरासरी. हक्काचे मार्क. त्या आकड्याचा अर्थ काय, तो काय सांगतो आणि काय गिळून टाकतो, यावर मी एक अक्षरही बोललो नाही. बोलायला मला तरी कुठं माहीत होतं? मी गणित शिकवत होतो, वापरत नव्हतो. वापरलं ते निवृत्त झाल्यावर, आणि पहिल्यांदा वापरलं ते सख्ख्या भावावर.

दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. काटोलकडच्या आमच्या गावात संत्र्याची बाग त्यानंच सांभाळली. आमच्या घरची वाटणी सरळ होती: शेत त्याचं, कागद माझे. सातबारा काढायचा असो, बँकेत सही जुळत नसो, नाहीतर दवाखाना असो, फोन मला यायचा. शहरातला शिकलेला भाऊ म्हणजे गावाकडच्यांचं ऑफिसच असतं. मलाही ते आवडायचं, खोटं कशाला बोलू. दादा बागेत राजा होता, पण दवाखान्याच्या दारात चप्पल काढतानाच तो अर्धा व्हायचा आणि माझ्या मागं उभा राहायचा. डॉक्टरनं त्याला काही विचारलं तरी तो आधी माझ्याकडं पाहायचा.

त्याला साखरेचा आजार लागून सहा वर्षं झाली होती. आधी गोळ्या होत्या, मग रात्रीचं इन्सुलिन सुरू झालं. नागपुरात धंतोलीतल्या डॉक्टरांनी सांगितलं, रोज सकाळी उपाशीपोटी आणि संध्याकाळी साखर मोजा आणि लिहून ठेवा. मी मशीन घेऊन दिलं. दादाला बोटाला टोचून घ्यायची भीती, म्हणून ते काम वहिनीकडं गेलं. वहिनी चौथी शिकलेली. पण तिनं ते असं अंगावर घेतलं की दोन वर्षांत एक दिवस चुकला नाही. शाळेच्या दोनशे पानी वहीत ती तारीख टाकायची, आकडा टाकायची, आणि आकड्याच्या शेजारी बारीक अक्षरात काहीबाही लिहायची. दर रविवारी त्या पानाचा फोटो मला फोनवर पाठवायची.

ते बारीक अक्षर मी कधी वाचलं नाही. फोटो बोटांनी मोठा करायचा, आकडा पाहायचा, पुढचा आकडा पाहायचा. शब्दांची बेरीज होत नाही ना. मुलगी पुण्याला असते, तिनं व्हिडिओ कॉलवर मला कॉम्प्युटरवर तक्ते करायला शिकवलं होतं. आकडे भरले की तो आपोआप सरासरी काढायचा, वर रंगीत आलेखही काढून द्यायचा. निवृत्त माणसाला खेळणं मिळालं. महिन्याभराचे साठ आकडे मी एका पानात बसवले. प्रत्येक आठवड्याची सकाळची सरासरी, संध्याकाळची सरासरी, ठळक अक्षरात, चौकटीत. पहिल्यांदा तो कागद डॉक्टरांसमोर ठेवला तेव्हा ते म्हणाले, सगळ्या पेशंटांनी असं आणलं तर आमचं किती काम हलकं होईल. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. बाहेर आल्यावर दादानं रसाच्या गाडीवाल्यालाही सांगितलं, हा माझा लहान भाऊ, मास्तर आहे, डॉक्टरले बी याचा कागद लागते.

एक गोष्ट सांगतो, म्हणजे आमच्यातला फरक कळेल. दादा रोज सकाळी बागेत चक्कर मारायचा. संत्र्याच्या झाडाला डिंक्या नावाचा रोग होतो, बुंध्यातून डिंक गळायला लागतो आणि झाड हळूहळू वाळतं. दादाची चक्कर त्यासाठी. एका दिवाळीच्या सुटीत मी त्याच्यासोबत गेलो आणि मास्तरकी सुरू केली. म्हणालो, सगळी बाग काय पाहतोस, दहा झाडं निवड, फळं मोज, सरासरी काढ, बागेचा अंदाज निघतो. तो बुंध्यापाशी वाकला होता. वर न पाहता म्हणाला, "अंदाज निघते गा. पण डिंक कोन्या झाडाले लागला ते कसं निघन?" मी हसलो. अडाणी माणूस, असं मनात म्हणालोही. आता ते मनातलं हसू कुणाला परत करू?

तर तो महिना. दादाची संध्याकाळची साखर चढी होती, संत्री उतरवायचे दिवस होते, जेवणाखाण्याचा काही भरवसा नव्हता. सकाळची मात्र माझ्या कागदावर छान दिसत होती. शेवटच्या आठवड्याचे आकडे मला अजून तोंडपाठ आहेत. सोमवारी एकशे बत्तीस, मंगळवारी एकसष्ट, बुधवारी एकशे अडुसष्ट, गुरुवारी एकशे एक्क्याऐंशी, शुक्रवारी अठ्ठावन्न, शनिवारी एकशे एकोणसाठ, रविवारी चौऱ्याहत्तर. बेरीज आठशे तेहतीस. भागिले सात, बरोबर एकशे एकोणीस. बाकी शून्य. बाकी शून्य आली याचाच मला आनंद झाला, इतका मी गाढव.

कुणी सातवीतल्या पोरानंही ती ओळ नुसती डोळ्यांनी पाहिली असती तरी त्याला दिसलं असतं की मंगळवार, शुक्रवार आणि रविवार हे तीन दिवस वेगळे आहेत. ते का वेगळे, हेही अवघड नव्हतं. दादाचे सोमवार, गुरुवार आणि शनिवार असे तीन उपास होते, आणि तो ते कडक धरायचा. दुपारी थोडी भगर, रात्री कपभर दूध, बस. डॉक्टरांनी उपासाला साफ मनाई केली होती. दादानं मान हलवली होती आणि घरी येऊन उपास चालूच ठेवले होते. इन्सुलिन मात्र तो इमानदारीनं रोज घ्यायचा, उपासाच्या रात्रीही. पोटात काही नाही आणि वरून इन्सुलिन, मग पहाटे साखर खाली जाणारच. हे वहिनीला माहीत होतं, तिनं वहीत लिहिलं होतं. मला आकड्यांतून कळायला हवं होतं. पण मी ते सात आकडे तक्त्यात भरले आणि तक्त्यानं दिलेला आठवा आकडा तेवढा वर आणला.

डॉक्टरांनी कागद पाहिला. म्हणाले, संध्याकाळची जास्त आहे, रात्रीचा डोस वाढवावा लागेल. मग चष्मा वर करून त्यांनी विचारलं, "मधे कधी साखर फार खाली जाते का? घाम, थरथर, असं काही?"

दादानं माझ्याकडं पाहिलं. त्या पाहण्यात काय होतं ते मी तेव्हा ओळखायला हवं होतं. खरं बोललो तर उपास उघडा पडेल ही भीती होती, आणि कागद धाकट्यानं केला आहे, त्यात जे असेल तेच खरं, हा भरवसाही होता. मी त्याला बोलायला वेळच दिला नाही. म्हणालो, "नाही सर. सकाळची एकशे एकोणीस आहे."

डॉक्टरांनी डोस चार युनिटनं वाढवला. त्यांना दोष कसा देऊ? त्यांनी बरोबर प्रश्न विचारला होता. चुकीचं उत्तर एका गणिताच्या मास्तरानं दिलं, तेही छातीठोकपणे.

त्यानंतरचा तिसरा शुक्रवार. आदल्या दिवशी गुरुवारचा उपास झालेला. सकाळी वहिनी नाश्त्याला उठली तर सिलेंडर संपलेलं. शेजारून दुसरं आणेपर्यंत, चहा ठेवेपर्यंत तास गेला. दादा म्हणाला चक्कर मारून येतो, आणि गेला. वहिनी डब्यात उपमा घेऊन मागून बागेत पोचली तेव्हा तो एका झाडाखाली पडलेला होता, अंग घामानं भिजलेलं, दातखीळ बसलेली. तिनं साखरेचं पाणी त्याच्या तोंडात घालून पाहिलं, ते ओठांवरून खाली आलं. मला फोन आला तेव्हा मी इथं नागपुरात मानेवाड्याला पेपर वाचत बसलो होतो.

आधी काटोलचा दवाखाना, तिथून धंतोली. नऊ दिवस तो आयसीयूत होता. डोळे उघडायचा, पण त्यात ओळख नव्हती. साखर फार वेळ फार खाली राहिली, मेंदूला इजा झाली, असं तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला विचारलं, आधीचे रीडिंग आहेत का? मी खिशातला माझा कागद पुढं केला. त्यांनी एक नजर टाकली आणि परत दिला. म्हणाल्या, हे नको, रोजचे आकडे दाखवा. म्हणून मी फोनमधले वहिनीच्या वहीचे फोटो उघडले, आणि त्यांच्या हातात देण्याआधी पहिल्यांदा ते बारीक अक्षर वाचलं. एकसष्टच्या शेजारी लिहिलं होतं: उपास, पहाटे घाम. अठ्ठावन्नच्या शेजारी: हात थरथरले, साखर दिली, मग बरं वाटलं. चौऱ्याहत्तरच्या शेजारी: चक्कर. त्याच्या आदल्या आठवड्यातही तेच. त्याच्याही आदल्या आठवड्यात. सगळं लिहिलेलं होतं हो. चौथी शिकलेल्या बाईनं सगळं लिहून माझ्या हातात दिलं होतं.

मी बाहेर पॅसेजमध्ये आलो. तिथं आमचे गावाकडचे लोक बसलेले. एक म्हातारी आत्या बोलून गेली की नाश्ता टायमावर देल्ला असता तं हे झालंच नसतं. वहिनी भिंतीला टेकून उभी होती, ती पदर तोंडाशी धरून म्हणाली, "हो. मायंच चुकलं."

त्या वेळी मी बोलायला पाहिजे होतं. मी तिच्यापासून चार पावलांवर होतो. माझ्या शर्टाच्या खिशात तो कागद चार घड्या करून ठेवलेला होता, फोनमध्ये तिचं अक्षर होतं, सगळा हिशेब माझ्याकडं होता. मी चहा आणायला खाली गेलो.

नवव्या दिवशी दादा गेला. पुढं तेरवीला, वर्षश्राद्धाला लोक विचारायचे, झालं काय नेमकं? मी म्हणायचो, उपास फार करायचा, ऐकायचा नाही कुणाचं. यात खोटं काहीच नव्हतं, म्हणूनच ते सांगणं सोपं होतं. खरं अर्धंच सांगितलं की ते किती खपतं, हे मी तेव्हा शिकलो.

आणि गणितही तेव्हाच शिकायला लागलो, साठी उलटल्यावर. पेपरात लिहून येतं, शहराला सरासरी इतकं पाणी मिळतं, आणि आमच्या मागच्या गल्लीत आठवड्यातून दोनदा टँकर उभा असतो. पाऊस सरासरीइतका झाला म्हणतात, आणि त्यातला निम्मा एका दिवसात पडून गेलेला असतो. आधी हे वाचून मी पान उलटायचो. आता हात थांबतो. कुठलाही एकटा आकडा दिसला की मला विचारावंसं वाटतं, बाबा रे, तू कुणाकुणाला पोटात घालून इथं उभा आहेस? बायको म्हणते, तुम्ही पेपर वाचता की भांडता. भांडतोच. पण जिथं भांडायचं होतं तिथं शेपूट घातली, हे तिलाही माहीत नव्हतं.

वहिनीशी मी बोलायचो, सणावाराला जायचो. तिच्या डोळ्यांत पाहायचो नाही, एवढंच. ती वाळत चालली होती. मला वाटायचं, दुःखानं. लोकही तेच म्हणायचे.

गेल्या हिवाळ्यात ती डोळे दाखवायला नागपूरला आमच्याकडं आली. गावातल्या तपासणीत तिलाही साखर निघाली होती. सकाळी साडेनऊचा सुमार, बायकोनं तिच्यासमोर पोह्याची बशी ठेवली आणि आंघोळीला गेली. वहिनीनं बशी हलकेच बाजूला सारली आणि पिशवीतून वही काढली. तसलीच, दोनशे पानी, नवी. म्हणाली, "त्यायचा करत होते तसा कागद मायाही करून द्या न भाऊजी. डॉक्टरले बरं पडते."

मी वही हातात घेतली. या वेळी आकडे नंतर पाहिले, आधी शेजारचं अक्षर वाचलं. प्रत्येक दिवसासमोर तेच तीन शब्द होते: सकाळी काही नाही. पान उलटलं. सकाळी काही नाही. आणखी एक पान. सकाळी काही नाही.

मी विचारलं, हे काय आहे? गोळ्या घेता ना तुम्ही, मग सकाळी खात काहून नाही?

तिनं अगदी सहज सांगितलं, जसं एखादी बाई सांगेल की मी वांगं खात नाही. "बारा वाजेपर्यंत मी काही खात नाही. ते उपाशी गेले न मायाच्यानं. मंग मायाच्या गळ्याखाली कसं उतरन?"

दोन वर्षं. दोन वर्षं ही बाई शिक्षा भोगत होती, आता तर अंगात साखर आणि वरून गोळ्या, दादासारखीच कुठल्यातरी सकाळी पडली असती. आणि जर मी तिच्यासाठी तसाच एक सुंदर कागद केला असता, तर त्यावरही काहीच दिसलं नसतं. म्हणालो, वहिनी, मी कागद करणार नाही. ती ओशाळली, तिला वाटलं काम वाढतं म्हणून मी टाळतो आहे. म्हणून मग सांगायलाच लागलं.

आधी तिला सरासरी म्हणजे काय ते सांगितलं. जन्मभर शिकवलेला धडा, पण इतका अवघड कधी गेला नव्हता. म्हणालो, समजा एखाद्यानं सोमवारी चार भाकरी खाल्ल्या आणि मंगळवारी एकही नाही, तर कागदावर लिहायचं की तो रोज दोन भाकरी खातो. तिनं थोडा विचार केला आणि विचारलं की मग मंगळवारी तो उपाशी होता, ते कागदावर कुठं लिहायचं. मी म्हणालो, कुठंच नाही. ते दिसतच नाही.

मग बाकीचं सांगितलं. तिनं लिहिलेला घाम, थरथर, चक्कर, यातलं काहीच मी वाचलं नाही. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा दादाच्या आधी मी नाही म्हणालो. त्यावरून त्यांनी डोस वाढवला. तो वाढवला नसता तर एक तास उशिरानं काही बिघडलं नसतं, उशीर तर आधीही कितीदा झाला होता. हे सगळं मला दवाखान्यातल्या दुसऱ्या दिवशीच कळलं होतं, तेही सांगितलं. आत्या बोलली तेव्हा मी तिथंच उभा होतो, हेही.

मला वाटलं ती ओरडेल. वही तोंडावर फेकेल. तिनं तसं केलं असतं तर बरं झालं असतं, माझ्यासाठी तरी. तिनं माझ्या हातातली वही घेऊन मिटली. मग तिनं मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. लहान पोर मास्तरला विचारतं, माझं गणित बरोबर आलं का, तसं तिनं मला विचारलं:

"मंग माया उशिरानं नाही न गेले ते?"

"नाही वहिनी," मी म्हणालो. "तुमच्यानं नाही."

तिनं बशी ओढून घेतली. पोहे केव्हाच थंड झाले होते. बायको आतून म्हणाली गरम करून देते, तर ती नको म्हणाली. एकेक घास चावून चावून तिनं सगळी बशी संपवली, आणि मी समोर बसून पाहत राहिलो. दोन वर्षं रोज सकाळी या बाईला मी उपाशी ठेवलं होतं.